क्रिएटिनीन वाढलं, तरी डॉक्टर निवांत कसे?

पुण्यात सहकारनगरला राहणाऱ्या माझ्या मावशीचं वय ६५, मधुमेह १४ वर्षांचा. मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिला एक नवी गोळी सुरू केली, ‘किडनीसाठी चांगली’ म्हणून. तीन आठवड्यांनी रक्त तपासलं, तर क्रिएटिनीन १.१ चं १.२ झालेलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, रिपोर्ट माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “किडनीसाठी गोळी घेतली आणि किडनीच बिघडली. गळती काढायला बोलावलेल्या प्लंबरनं पाइपच फोडावा, तसं झालं हे.” डॉक्टरांना फोन केला, तर ते निवांत. “अपेक्षितच आहे. चालू ठेवा.”

त्यावर कडी म्हणजे, पुढच्या खेपेला ओपीडीत तिला विचारलं गेलं, “एका क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या चाचणीत, भाग घ्याल का?” घरात दोन दिवस तोच विषय. काकांचं म्हणणं, आता आपल्यावर प्रयोग करणार. मावशीचं म्हणणं, आधी मला कुणीतरी नीट समजावून सांगा. ते काम माझ्याकडे आलं. तिला सांगता सांगता जे जमत गेलं, तेच इथे मांडतो.

आधी तो आकडा कशाचा?

क्रिएटिनीन म्हणजे आपल्या स्नायूंचा रोजचा कचरा. स्नायू तो टाकतात, किडनी उचलून लघवीवाटे बाहेर नेते. रक्तात तो जास्त साठलेला दिसला, तर दोन शक्यता : कचरा जास्त होतोय किंवा उचलणारा थकलाय. नुसत्या आकड्यावरून यातलं कुठलं ते कळत नाही. म्हणून वय आणि लिंग घालून एका सूत्रानं हिशेब करतात. किडनी दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळते, याचा तो अंदाज. रिपोर्टवर तो ‘ईजीएफआर’ या नावानं छापलेला असतो, बहुतेकदा दुसऱ्या पानावर, जिथे कुणी पाहत नाही.

पाहायला हवं, कारण तिथेच गंमत आहे. क्रिएटिनीन तेच १.१. पंचविशीतल्या तरुणाला लावलं, तर ईजीएफआर येतो ९५ च्या आसपास, म्हणजे ठणठणीत. ६५ वर्षांच्या माझ्या मावशीला लावलं, तर येतो ५६. आणि ६० च्या खालचा आकडा सलग तीन महिने टिकला, तर त्याला किडनीचा दीर्घकालीन आजार म्हणतात. म्हणजे १.१ ला लॅबनं ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसवलं होतं, तेव्हाच मावशीची किडनी दमायला लागली होती.

आपल्याकडे यात आणखी एक खाच आहे, आणि ती कळायला पुण्याबाहेर जावं लागत नाही. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली, तेव्हा दिसलं की आपली बाळं वजनाला कमी, स्नायूंना कमी, पण चरबी मात्र टिकवून असतात. दिसायला बारीक, आतून चरबीदार. मोठेपणीही आपली ठेवण बरीचशी तीच राहते. आता स्नायूच कमी, तर क्रिएटिनीनही कमी तयार होणार. मग किडनी थकलेली असली तरी आकडा छान दिसणार! काटकुळ्या माणसाचं क्रिएटिनीन चांगलं आलं म्हणून पेढे वाटायचे नाहीत, ते याच कारणानं. शंका असेल तेव्हा डॉक्टर ‘सिस्टॅटिन सी’ नावाची तपासणी सांगतात. हे प्रथिन शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशी बनवतात, त्यामुळे स्नायूंच्या कमीजास्तीनं त्यात फारसा फरक पडत नाही.

आणि लघवीची तपासणी. सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन किती गळतंय, ते ‘एसीआर’ या तपासणीत कळतं. ३० च्या खाली ठीक, ३०० च्या वर गंभीर. रक्तातला आकडा हलण्याच्या कितीतरी आधी ही गळती सुरू होऊ शकते. मधुमेह असलेल्यांनी ती वर्षातून एकदा तरी करायची असते. मावशीनं १४ वर्षांत किती वेळा केली होती? एकदाही नाही. कुणी सांगितलीच नव्हती.

डेपोतल्या गाड्या

एका किडनीत साधारण १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळपास सगळा परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर सोडतात.

आता एक बस डेपो डोळ्यांसमोर आणा. १०० गाड्या आहेत. त्यातल्या ४० बंद पडल्या, पण प्रवासी तेवढेच. मग उरलेल्या ६० गाड्या खचाखच भरून, जास्त फेऱ्या मारत धावतात. संध्याकाळी फेऱ्यांचा आकडा पाहिला, तर तो जवळजवळ पूर्वीइतकाच. साहेब खूश. पण त्या ६० गाड्यांची इंजिनं तापताहेत, स्प्रिंग बसताहेत. मग त्यातल्या दहा बंद पडतात, ओझं पन्नासांवर येतं, आणि पुढची घसरण आणखी वेगानं होते.

किडनीच्या आजाराचं नेमकं हेच चालतं. काही गाळण्या मेल्या की उरलेल्यांवरचा रक्ताचा दाब वाढतो. जास्त दाबानं त्या जास्त गाळतात, आणि त्याच दाबानं झिजतात. रुग्णाला मात्र काहीच जाणवत नाही. पाय सुजायला लागतात, भूक मरते, तोवर डेपो बराचसा रिकामा झालेला असतो. ईजीएफआर म्हणजे दिवसाच्या फेऱ्यांचा आकडा. गाड्या किती टिकतील, ते तो सांगत नाही. हे एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं उलगडतं.

आकडा वर, माणूस दवाखान्यात

२०११ च्या सुमाराला बार्डोक्सोलोन नावाच्या औषधानं किडनीच्या डॉक्टरांमध्ये खळबळ माजवली होती. सुरुवातीच्या, दोनशे-सव्वादोनशे रुग्णांवरच्या अभ्यासात त्यांचा ईजीएफआर चक्क वाढला होता. तोवरची औषधं फार तर घसरण हळू करायची, आकडा वर नेणारं कुणी पाहिलं नव्हतं.

मग मोठी चाचणी झाली. मधुमेहामुळे किडनी बरीच खराब झालेले २,१८५ रुग्ण, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली नकली गोळी. ईजीएफआर याही वेळी वाढला. पण औषधाच्या गटात हृदय कमजोर होऊन रुग्णालयात भरती झालेले किंवा दगावलेले निघाले ९६ जण, आणि नकली गोळीच्या गटात ५५. ऑक्टोबर २०१२ मध्ये चाचणी मध्येच थांबवावी लागली.

कल्पना करा, ती मोठी चाचणी झालीच नसती, तर? आकडा सुधारतोय म्हणून डॉक्टरांनी समाधानानं औषध लिहिलं असतं, रुग्णांनी समाधानानं घेतलं असतं. महिन्याभरानं कुणाला धाप लागली असती, तर ‘वय झालं हो’ म्हणून सोडून दिलं असतं.

आकडा खाली, माणूस घरी

आता मावशीच्या गोळीची गोष्ट, बरोबर उलटी. सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन नावाचा पदार्थ वेगळा काढला गेला. तो दिला की लघवीतून साखर जाते, हे १८८६ पर्यंत कळलं होतं. पुढे त्याच्याच वळणावर ‘ग्लिफ्लोझिन’ घराण्यातली औषधं आली : डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. उद्देश साधा, मधुमेह्याची जास्तीची साखर लघवीवाटे घालवायची. किडनीचा त्यात कुणी फारसा विचार केलेला नव्हता. उलट किडनी कमजोर असेल तर ही औषधं साखर नीट उतरवत नाहीत, म्हणून अशांना देऊ नयेत, असंच चालत आलं होतं.

२००८ च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी अट घातली : मधुमेहाचं नवं औषध हृदयाला अपाय करत नाही, हे सिद्ध करून दाखवा. त्यापायी मोठमोठ्या चाचण्या कराव्या लागल्या, आणि ‘अपाय नाही’ एवढंच दाखवायला गेलेल्यांना भलतंच घबाड सापडलं. हृदयाला फायदा, आणि शिवाय किडनीची घसरण मंद. मग खास किडनीसाठी चाचण्या झाल्या. २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनची, २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनची. दोन्ही मुदतीआधी थांबवल्या, पण कारण उलटं. फायदा इतका उघड होता, की निम्म्या लोकांना नकली गोळी देत राहणंच अन्यायाचं ठरलं असतं.

हे घडतं कसं? गाळलेल्या द्रवाच्या वाटेवर पुढे मीठ मोजणारा एक चौकीदार बसलेला असतो. त्याच्यापर्यंत मीठ कमी पोचलं, तर त्याला वाटतं, गाळणीत रक्त कमी येतंय, आणि तो वरचा नळ सैल सोडतो. मधुमेहात साखर परत शोषताना तिच्यासोबत मीठही आधीच शोषलं जातं. चौकीदार फसतो, नळ उघडाच राहतो, गाळणीवर दाब वाढतो. मावशीची गोळी ते शोषण अडवते. मीठ चौकीदारापर्यंत पोचतं, तो नळ आवळतो, दाब उतरतो.

दाब उतरला की गाळणंही थोडं कमी होणार. डेपोतल्या गाड्यांवरची गर्दी कमी केली, तर त्या संध्याकाळी फेऱ्यांचा आकडा कमीच दिसणार. डापाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत पहिल्या दोन आठवड्यांत ईजीएफआर सरासरी ४ नं उतरला. काकांना दिसला तो हाच उतार. पण त्यानंतर औषध घेणाऱ्यांची घसरण वर्षाला सुमारे १.७ राहिली आणि नकली गोळीवाल्यांची ३.६. निम्म्याहून कमी! मावशीचा ईजीएफआर ५६ वरून ५० वर आला, म्हणजे उतार सरासरीपेक्षा जरा जास्त. पण १०-१२ टक्के चालतात. ३० टक्क्यांच्या पलीकडे उतरलं, तर मात्र डॉक्टर थांबून कारण शोधतात.

हे सगळं ऐकून काका म्हणाले, “मग डॉक्टरनं आधी सांगायला काय झालं होतं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

‘३९ टक्के फायदा’ म्हणजे नक्की किती?

डापाग्लिफ्लोझिनच्या त्या चाचणीत २१ देशांतले ४,३०४ रुग्ण होते. त्यात भारतही होता, त्यामुळे ‘हे सगळं गोऱ्यांवर तपासलेलं’ असं म्हणता येणार नाही. साधारण दोन तृतीयांश मधुमेही, बाकीचे बिनमधुमेही. बातम्यांत आलं, ‘धोका ३९ टक्क्यांनी कमी’. वाचून वाटतं, १०० जणांनी गोळी घेतली तर ३९ जण वाचले. तसं नाही.

मोजलं होतं ते असं : ईजीएफआर निम्म्यावर येणं, डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ येणं, किडनी किंवा हृदयामुळे मृत्यू. सुमारे अडीच वर्षांत नकली गोळीवाल्या १०० जणांपैकी १४ ते १५ जणांवर यातलं काहीतरी ओढवलं. खरी गोळी घेणाऱ्या १०० पैकी ९ जणांवर. म्हणजे १९ जणांनी गोळी घेतली, की एकाचं संकट टळतं. ऐकायला कमी वाटेल. पण आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडलेलं माणूस ज्यांच्या घरात आहे, त्यांना विचारा हे कमी आहे का. रिक्षाचं जाणं-येणं, बुडालेली नोकरी, मोजून प्यायचं पाणी, हे सगळं त्या एका आकड्यात आहे.

पैशाचं म्हणाल, तर डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट आपल्याकडे २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. त्यानंतर ६० रुपयांच्या आसपासची एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी काही ब्रँडमध्ये १० रुपयांच्या आत मिळू लागली.

धोके नाहीत असं नाही. लघवीच्या जागी बुरशीचा संसर्ग होतो, आणि बायका लाजून सांगत नाहीत. क्वचित रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर प्रकार होतो, तो उपाशी राहिल्यावर, जुलाब-उलट्यांत किंवा ऑपरेशनच्या आगेमागे. नवरात्राचे कडक उपास किंवा निर्जळी एकादशी धरणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. मावशीनं सांगितलं नव्हतं.

नाणेफेक कशाला?

चाचणीत कुणाला खरी गोळी आणि कुणाला नकली, हे डॉक्टर ठरवत नाहीत. संगणक नाणं उडवल्यासारखं ठरवतो, आणि उत्तर रुग्णाला कळत नाही, डॉक्टरलाही नाही. मावशीला हे सगळ्यात विचित्र वाटलं. “डॉक्टरलाच माहीत नाही, म्हणजे काय?”

मी तिला म्हटलं, तू तुझ्या भिशीतल्या बायकांना एखादं नवं तेल गुडघ्याला लावायला देणार असशील, तर कुणाला देशील? ज्या आधीपासून चालतात, पथ्य पाळतात, तुझं ऐकतात, त्यांनाच. महिन्यानं त्यांचे गुडघे बरे असतील, पण ते तेलानं की चालण्यानं, हे कसं सांगणार? नाणं उडवलं, की ऐकणाऱ्या आणि न ऐकणाऱ्या दोन्हीकडे सारख्या वाटल्या जातात. आणि कुणाला काय दिलंय हे माहीत नसलं, की ‘बरं वाटतंय का, वाटतंय ना?’ असं विचारून कुणी उत्तर वळवू शकत नाही.

आणि नकली गोळी म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. चालू असलेले उपचार दोन्ही गटांना मिळतातच, नवी गोळी त्यावर जास्तीची. मावशीची ग्लिफ्लोझिन चालूच राहणार होती.

“कंपनीचाच पैसा ना?”

हा काकांचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. बहुतेक मोठ्या चाचण्यांना पैसा औषध कंपनीच पुरवते. म्हणून तर कुंपणं घालावी लागतात. काय मोजणार, हे चाचणी सुरू होण्याआधी जाहीर करावं लागतं, म्हणजे निकाल आल्यावर सोयीचा आकडा उचलता येत नाही. आपल्याकडे यासाठी २००७ पासून एक राष्ट्रीय नोंदवही आहे, सीटीआरआय नावाची, आणि २००९ पासून तिच्यात नोंद सक्तीची आहे. ती कुणालाही उघडून पाहता येते. मावशीच्या चाचणीचा नोंदणी क्रमांक संमतीपत्राच्या पहिल्याच पानावर होता. आम्ही रात्री बसून ती नोंद वाचून काढली.

शिवाय २०१९ चे नियम आहेत. चाचणीला आधी नैतिक समितीची मंजुरी लागते. तिच्यात किमान सात जण, आणि त्यात कायदा जाणणारी व्यक्ती, एक स्त्री आणि वैद्यकाबाहेरचा एक सामान्य माणूस हवाच. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे. चाचणीमुळे इजा झाली, तर उपचार फुकट आणि भरपाई. रुग्णाला कारण न देता कधीही बाहेर पडता येतं, त्यापायी नेहमीचे उपचार तुटत नाहीत.

नियम कागदावर चांगले आहेत. प्रत्यक्षात चाळीस पानी संमतीपत्र ओपीडीच्या रांगेत ‘इथे सही करा’ म्हणून पुढे सरकवलं, तर त्यांचा काय उपयोग? माझं मत विचाराल, तर ते घरी न्यायला देत नाहीत, तिथे सही करू नये.

आता एआय आलंय, मग एवढा खटाटोप कशाला?

हा प्रश्न हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मावसभावाचा. २०१९ मध्ये डीपमाइंड या एआय कंपनीनं अमेरिकेतल्या सात लाखांहून जास्त माजी सैनिकांच्या नोंदींवर एक यंत्रणा शिकवली. रुग्णालयात भरती झालेल्याची किडनी अचानक बंद पडणार आहे, हे ती ४८ तास आधीपर्यंत सांगू शकायची. अशा निम्म्याहून थोड्या जास्त घटना तिनं आधी ओळखल्या. पण प्रत्येक खऱ्या इशाऱ्यामागे दोन खोटे. आणि त्या नोंदींत बायका किती? शेकडा सहा-सात. बायकांच्या बाबतीत तिचा अंदाजही कमी बरोबर येत होता. सहकारनगरच्या पासष्ट वर्षांच्या बाईबद्दल त्या यंत्राला काय ठाऊक असणार?

बरं, इशारा मिळाला म्हणून माणूस वाचतो का? तेही अमेरिकेतल्या येल विद्यापीठाशी जोडलेल्या सहा रुग्णालयांत नाणेफेक करूनच तपासलं. ६,०३० रुग्ण, निम्म्यांच्या डॉक्टरांना संगणकावर इशारा, ‘याची किडनी बिघडतेय’. निकाल २०२१ मध्ये आला : एकूणात काहीच फरक नाही. त्यातल्या ज्या दोन रुग्णालयांत वैद्यकीय शिक्षण दिलं जात नाही, तिथे तर इशारा मिळालेल्या गटात मृत्यू जास्त झाले. का, ते आजही नीट कळलेलं नाही. बार्डोक्सोलोनचाच धडा, नव्या वेशात.

डुकराच्या किडनीचंही लोक विचारतात. मार्च २०२४ मध्ये बोस्टनला ६९ जनुकीय बदल केलेली डुकराची किडनी जिवंत माणसात बसवली, तो रुग्ण दोनेक महिने जगला. त्यानंतर आणखी काही झाल्या. कुतूहलानं वाचावं, आशा लावून बसावं असं अजून काही नाही.

आणि मावशी?

तिनं संमतीपत्र दोन संध्याकाळी वाचलं. मराठी प्रत होती. पेन्सिलीनं तीन ठिकाणी गोल केले. पुढच्या भेटीत चाचणीचं काम पाहणारी मुलगी समोर बसली, तेव्हा पहिल्या दोन शंका चटकन मिटल्या. तिसरी अशी : “समजा मला नकली गोळी आली, आणि चार वर्षांनी खरी गोळी चांगली ठरली, तर ती मला मिळणार का?”

ती मुलगी प्रामाणिक होती. म्हणाली, “मावशी, मी विचारून सांगते.”

“लेखी सांग,” मावशी म्हणाली, आणि कागद पिशवीत घालून घरी आली.

आठ दिवसांनी पत्र आलं. मिळू शकेल, पण डॉक्टरांची शिफारस आणि नैतिक समितीची मंजुरी लागेल, अशा अटींसह. तिनं ते संमतीपत्राला टाचलं, सही केली आणि काकांकडे वळून म्हणाली, “आता दर तीन महिन्यांनी रिपोर्ट येणार आहे. तो आधी मी बघणार. दुसरं पान पहिल्यांदा.”